आपला ‘गुड मॉर्निंग’ नेमका कुठल्या सायकलीला असतो?

स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल. पुण्यातल्या आम्हा ‘सायकलिस्ट’ मंडळींत एक जातिव्यवस्था तयार झालेली आहे. पुरावा हवा असेल तर रविवारी सकाळी सहा वाजता सिंहगड रस्त्यावर नांदेड फाट्याच्या पुढे उभं राहा आणि कोण कोणाला हात करतो, एवढंच बघा.

शहरातून खडकवासल्याकडे निघालेली रोडबाईक आणि समोरून परत येणारी रोडबाईक एकमेकांजवळ आल्या की हँडलवरून चार बोटं उचलली जातात, मान हलते, ‘मॉर्निंग!’ होतं. ओळख असायची गरज नाही. हेल्मेट, गॉगल, पाठीवर तीन खिसे असलेली जर्सी, एवढं दिसलं की पुरे. छान वाटतं ते, खोटं कशाला बोलू. अनोळखी माणसानं पहाटे हसून मान हलवली की पुढचा चढ सोपा जातो.

पण त्याच दहा मिनिटांत त्याच रस्त्यानं आणखी पाच-सहा सायकली येऊन गेलेल्या असतात. रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन. कॅरिअरला डबा आणि हँडलला थापी-ओळंब्याची पिशवी लावलेला गवंडी. पेपरची लाईन टाकणारा पोरगा. शेतावर निघालेले, धोतराचा सोगा आवरत पायडल मारणारे एखादे आजोबा. त्यांच्यासाठी एक बोटसुद्धा उचललं जात नाही. नजर त्यांच्यावरून रस्त्याकडेच्या झाडावरून जावी तशी पुढे जाते.

मधल्या पायऱ्यासुद्धा ठरलेल्या आहेत. रोडबाईकवाला हायब्रिडवाल्याला अर्धी मान हलवतो. एमटीबीवाल्याला ‘नवीन दिसतोय’ अशी नजर मिळते. छोट्या चाकांच्या फोल्डिंगवाल्याकडे कौतुकानं हसतात, लहान मुलाकडे बघून हसावं तसं. ई-सायकलवाला दिसला की ‘मोटर लावून काय सायकलिंग?’ हे तोंडानं नाही म्हणाले तरी चेहऱ्यावर येतंच. मग तो गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पासष्टीचा गृहस्थ का असेना. आणि सगळ्यांच्या खाली ती काळी, दांड्यांच्या ब्रेकची, चेनकव्हरवाली बावीस इंची सायकल. तिला तर आपण सायकल मोजतच नाही. ती ‘साधी सायकल’. म्हणजे आपली ती सायकल आणि त्याची ती गरिबी, असा हिशोब.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझ्याकडे दोन सायकली आहेत. एक गिअरची रोडबाईक. दुसरी जुन्या बाजारातून घेतलेली काळी सायकल, जिच्यावर मी दळण आणतो, भाजी आणतो आणि कधीकधी मुद्दाम लांबसुद्धा जातो. माणूस तोच, रस्ता तोच, वेळ तीच. रोडबाईकवर असलो की धरणापर्यंत पंधरा-वीस नमस्कार सहज मिळतात. काळ्या सायकलीवर, साध्या शर्टात, तेवढ्याच अंतरात एकही नाही. एकदा तर ज्या गटाबरोबर मी आदल्या रविवारी चहा-भजी खाल्ली होती, तोच अख्खा गट माझ्या शेजारून निघून गेला. मी हात केला. कोणी बघितलं नाही. त्यांना ओळख पटली नाही असं नाही. ओळख पटवायला चेहऱ्याकडे बघावं लागतं, आणि त्यांनी सायकलीच्या वर बघितलंच नाही.

आता नेहमीच्या सबबी येतील. एकेक घेऊ.

‘हात सोडणं धोक्याचं असतं.’ बरोबर. घाटाच्या उतारावर, खड्ड्यांत, घोळक्यात एकामागोमाग एक चिकटून चालवत असताना हात सोडूच नये. पण मग रोडबाईकवाल्यासाठी तो कसा सुटतो? आणि हात कशाला, मान आहे की. तोंड आहे.

‘तेसुद्धा कुठं नमस्कार करतात?’ हे ऐकलं की मला हसू येतं. ज्याच्या कॅरिअरवर वीस किलोचं ओझं आहे, ज्याला सातच्या आत गेटवर सही करायची आहे, आणि ज्याला आजवर गॉगलवाल्यांनी मागून फक्त ‘साइड, साइड!’ असं ओरडूनच हाक मारली आहे, त्यानं सुरुवात करावी अशी अपेक्षा आहे का? मी गेली काही वर्षं सुरुवात करतो. काय होतं सांगतो. पहिल्यांदा बरेच जण मागे वळून बघतात, की हा नक्की कोणाला हात करतोय. दुसऱ्यांदा हात कपाळाकडे जातो. तिसऱ्यांदा लांबूनच ‘राम राम’ येतो. एवढंच लागतं. तीन सकाळी.

‘नेदरलँड्समध्ये कुठं कोण एकमेकांना हात करतं?’ खरं आहे, नाही करत. तिथं सगळेच सायकलवर असतात, आणि लक्ष्मी रोडवर गणपतीच्या खरेदीला गेल्यावर आपण तरी समोरच्या प्रत्येकाला नमस्कार करतो का? गर्दीत नमस्कार नसतोच. तो मोकळ्या रस्त्यावर असतो, जिथं समोरून येणारा एकटाच माणूस दिसतो. त्यामुळे कोणालाच नमस्कार करत नसाल तर माझी काही तक्रार नाही. तो तुमचा स्वभाव. माझी तक्रार निवडून केलेल्या नमस्काराबद्दल आहे.

‘एवढ्याशा हात करण्यावरून काय राजकारण करतोस?’ हा चौथा आणि सगळ्यात आवडता प्रश्न. तर मंडळी, आपल्या भागात नमस्कार ही कधीच एवढीशी गोष्ट नव्हती. १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीनं हुकूम काढला होता, की सोनार मंडळींनी अभिवादन म्हणून ‘नमस्कार’ हा शब्द वापरायचा नाही. का, तर तो शब्द ब्राह्मणांचा. हा आग्रह पेशव्यांच्या पुण्याचा. म्हणजे नुसता एक शब्द कोणी उच्चारायचा, यासाठी सरकारी हुकूम निघाले आहेत. महारांच्या वाट्याला ‘जोहार’ होता, तोही खाली वाकून. त्या जोहाराच्या जागी लोकांनी ताठ मानेनं ‘जय भीम’ आणला, तो काय उगाच? कोण आधी वाकणार, कोण उत्तर देणार आणि कोण दुर्लक्ष करणार, यावर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या माणसांची किंमत ठरत आली. आपण लायक्रा घातली म्हणजे या इतिहासातून बाहेर पडलो असं कोणी समजू नये.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं, नुसता स्वार्थ बघितला, तरी आपण मूर्खपणा करतोय. तो कसा, तेच सांगायला ही पोस्ट लिहितोय.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे. ते शहर कोणाच्या सायकलींनी झालं होतं? कारखान्यात जाणाऱ्या कामगारांच्या, कॉलेजच्या पोरापोरींच्या, कारकुनांच्या, मास्तरांच्या. सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस पकडायचे. पकडण्यासारखी ती संख्या होती. आज आपण काही हजार हौशी माणसं महापालिकेकडे सायकल ट्रॅक मागतो. २०१७ मध्ये महापालिकेनं सायकल आराखडा मंजूरही केला. पुढं काय झालं, ते तुम्ही रोज बघता. ट्रॅक कुठं सुरू होतो, कुठं संपतो, याचा पत्ता नाही. जिथं आहे तिथं दुचाक्या लावलेल्या, टपरी उभी, मध्येच झाड, मध्येच विजेचा डबा. गाड्या घुसू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब असे ठोकलेले, की दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल आत शिरूच शकत नाही. माझी सडपातळ रोडबाईक शिरते. गवंड्याची नाही.

अशाच विषयावरच्या एका बैठकीत मी होतो. खुर्च्यांवर आम्ही तीस-पस्तीस जण, सगळे जर्सीवाले किंवा निदान हेल्मेटवाले. स्लाईड्स झाल्या, परदेशातले फोटो झाले. मग एक लोकप्रतिनिधी शांतपणे म्हणाले, ‘तुमची हौस मला मान्य आहे. पण रविवारच्या फिरण्यासाठी रोजचा रस्ता कसा कमी करू?’ आमच्यातले पुष्कळ चिडले. मला मात्र त्या माणसाचं म्हणणं समजलं. त्याच्या समोर बसलेल्यांत एकही असा नव्हता, ज्याची सायकल बंद पडली तर त्याचा त्या दिवसाचा पगार जाईल. तशी माणसं बाहेर रस्त्यावर होती. आम्ही त्यांना कधी हात केला नव्हता, मग बैठकीला कुठून आणणार?

आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या दर १०० घरांपैकी जवळपास ४५ घरांत सायकल होती. स्कूटर-मोटारसायकल २१ घरांत. मोटार ५ घरांतसुद्धा नव्हती. आणि कोणासाठी उड्डाणपूल बांधले गेले? संख्या आपल्या बाजूला होती, आवाज नव्हता. कारण ज्यांच्याकडे आवाज होता, ते स्वतःला ‘सायकलिस्ट’ म्हणवत होते आणि बाकीच्यांना ‘सायकलवाले’. हे एका भाषेतले दोन शब्द नाहीत, दोन वस्त्या आहेत. पालिकेला हे चांगलं कळतं. तिला दोन वेगवेगळ्या छोट्या गटांशी बोलायला सोपं जातं, आणि त्यातल्या एका गटाशी तर बोलावंच लागत नाही.

दरवर्षी ३ जूनला आपण जागतिक सायकल दिनाच्या शुभेच्छा देतो. २०२० च्या ३ जूनलाच अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला आणि कामगार घरी बसले. ज्या काळ्या सायकलींवर अर्धा देश कामाला गेला, त्यांतल्या कित्येक त्या कंपनीच्या. आपल्या ग्रुपवर दर ३ जूनला कार्बन फ्रेमचे फोटो येतात. त्या कारखान्याची आठवण काढलेली मी एकदाही वाचलेली नाही.

आता जड गोष्ट. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ४,८०० सायकलस्वार गेले. आपल्यातला कोणी गेला की आपण काय करतो? करायलाच हवं ते करतो: शोकसभा, मूक राईड, पोलिसांना निवेदन, पेपरात फोटो. आणि सोसायटीच्या गेटवरून घरी निघालेला वॉचमन गेला की आतल्या पानावर दोन ओळी येतात, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार’. त्यात वाहन अज्ञात असतं, आणि खरं सांगायचं तर सायकलस्वारही आपल्याला अज्ञातच असतो. तो याच रस्त्यानं रोज आपल्या समोरून गेला असेल. पण आपण त्याच्यासाठी निवेदन देत नाही, कारण तो ‘आपल्यातला’ होता हे आपल्या मनातच येत नाही. ज्याला जिवंतपणी मान हलवली नाही, त्याच्यासाठी मेल्यावर मेणबत्ती कोण लावणार?

मी ज्यांना हात करत आलो, त्यांतल्या एका काकांशी आता थांबून बोलणं होतं. धायरीच्या एका सोसायटीत रात्रपाळीला असतात, घर धरणाच्या पलीकडच्या वाडीत. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस हा रस्ता, तोही अंधारात. मी त्यांना विचारलं, आमच्या लोकांबद्दल काय वाटतं. ते म्हणाले, ‘तुमचं टाइमिंग चालू असतं ना, म्हणून आम्हीच बाजूला होतो.’ रागानं नाही, अगदी सहज. बाजूला म्हणजे कुठं? डांबराच्या खाली, खडीत. त्यानंतर त्यांनी मला त्या रस्त्यावरची माहिती दिली: कुठल्या वळणावर रात्री दिवे नसतात, कुठं चेंबरचं झाकण खचलंय, वाळूचे डंपर किती वाजता सुटतात, कुठली कुत्री पायाला येतात. इतकी माहिती आमच्या एकाही स्लाईडवर नव्हती. आमच्या स्लाईडवर कोपनहेगन होतं.

त्यांच्या सायकलीत हवा कमी होती. माझ्याकडच्या छोट्या पंपाचं बारीक तोंड त्यांच्या जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हवर नीट बसलं. ते बघून दोघांनाही आश्चर्य वाटलं नाही, कारण दोन चाकं, एक साखळी आणि रबरातली हवा, याहून वेगळं तसं काही नाहीच. किमतीत शून्यं जास्त असतात, एवढंच.

गंमत म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं मुळीच नाही. दरवर्षी आपल्यातले कितीतरी जण पंढरपूरला सायकल वारी करतात. त्या प्रवासात रस्त्यानं जो भेटेल तो ‘माऊली’ असतो. वारीचा रिवाजच असा, की समोरचा वाकला की आपणही वाकायचं. वय, जात, पैसा काही विचारायचं नाही. तिथं आपल्याला बैलगाडीवाला माऊली, चहावाला माऊली, काळ्या सायकलीवरचा म्हातारा माऊली. आणि पुण्यात परत आल्यावर सोमवारी तोच म्हातारा ‘ओ साइड!’ होतो. मग पंढरपूरहून आपण काय घेऊन आलो, पदक आणि फोटो?

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे करणाऱ्यांना तर मी हे सांगायचीही गरज नसावी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, असं घड्याळ लावून तुम्ही जाता. रात्री दोन वाजता कुठल्यातरी फाट्यावर दिवा गेलेला असताना तुम्हाला रस्ता कोण दाखवतं? दुसरा ब्रेव्हेवाला तिथं नसतो. असतो तो गावातला, सायकलवरून किंवा पायी निघालेला माणूस, आणि तो तुमची जर्सी बघून नाही, माणूस बघून थांबतो.

तर उपदेश पुष्कळ झाला, आता कामाचं.

एक: जो वेगात आहे त्यानं आधी नमस्कार करायचा. जो गिअरवर आहे त्यानं आधी. महाग सायकलवाल्यानं आधी. आजवर खालच्यानं वरच्याला आधी करायचा असा रिवाज होता. तो आपण उलटा करू.

दोन: मागून पुढे जाताना ‘साइड’ ओरडायचं नाही. लांबून घंटी, आणि ‘काका, उजवीकडून येतोय’. पुढे गेल्यावर हात. रोडबाईकला घंटी लावली तर वजन वाढतं म्हणणाऱ्यांनी सकाळचा एक वडापाव कमी खावा.

तीन: बाई एकटी सायकलवर असेल, मग ती जर्सीत असो की साडीत की शाळेच्या गणवेशात, तर लांबून नुसती मान आणि सरळ पुढे. वेग कमी करून गप्पा मारायला जायचं नाही. नमस्काराच्या नावाखाली त्रास नको.

चार: कोणतीही सायकल रस्त्याकडेला उलटी केलेली दिसली की थांबून विचारायचं. ‘काय झालं, काही लागतंय का?’ एवढंच. पंप तुमच्या फ्रेमला शोभेसाठी लावलेला नाही.

पाच: ई-सायकलवाल्याला हसायचं नाही. तो स्कूटर सोडून आलाय की कार सोडून, हे तुम्हाला माहीत नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. सायकल ट्रॅकवरची पुढची बैठक जेव्हा ठरेल, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकानं रस्त्यावर ओळख झालेला एक माणूस काळ्या सायकलीसकट बरोबर आणायचा. त्यासाठी बैठक सकाळी अकराला ठेवून चालणार नाही, कारण तेव्हा तो कामावर असतो किंवा रात्रपाळी करून झोपलेला असतो. संध्याकाळी सातनंतर ठेवा, नाहीतर रविवारी. आणि बोलायला आधी त्याला उभं करा. मग विचारू दे कोणाला विचारायचं ते, की ही हौस आहे का.

ओळख मात्र आधी रस्त्यावर करावी लागेल. आणि तीन सकाळींचं गणित मी वर सांगितलंच आहे.